गेटवर पाहुणा

माझी सगळी नोकरी खडकीच्या एका कारखान्यात झाली. तिथे मोबाइल आत न्यायला बंदी होती. सकाळी गेटवर जमा करायचा, संध्याकाळी परत घ्यायचा. त्यामुळे बाकीच्या जगाने मोबाइलवर जो बावळटपणा पंधरा वर्षांत थोडाथोडा करून संपवला, तो मी निवृत्त झाल्यावर एकदम करायला घेतला. पहाटे उठून नातेवाइकांना कमळाचे फोटो पाठवले. कुणाच्या तरी बाराव्याच्या निरोपाखाली टाळ्यांचं चित्र टाकलं. बायको म्हणाली, "तुम्हाला परत कामावर घेतात का, विचारून तरी बघा."

हे गमतीने सांगतोय, कारण गंभीरपणे सांगायला बसलो की हात पुढे चालत नाही. दोनदा प्रयत्न करून झाला आहे.

माझी बहीण माझ्याहून बारा वर्षांनी लहान. जर्मन शिकवते. दुपारभर लॅपटॉपसमोर बसून कुठल्या कुठल्या शहरांतल्या पोरांकडून क्रियापदं घोकून घेते. तिने नवऱ्याला सोडलं, रीतसर घटस्फोट घेतला आणि विश्रांतवाडीला एका मोठ्या सोसायटीत भाड्याने फ्लॅट बघितला. मालकीणबाईंनी चहा दिला, फ्लॅट दाखवला आणि मग म्हणाल्या, "एकट्याच राहणार का? तसं आमचं काही नाही हो. पण करारात कुणा पुरुषमाणसाचं नाव असेल तर बरं. सोसायटी विचारते."

बहीण पर्स उचलून उठली होती. मी तिला खाली बसवलं. म्हटलं, "अगं, मी आहे ना पुरुषमाणूस."

ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. बहुधा पुरावा शोधत असावी. मग बसली, आणि करारात पहिलं नाव माझं पडलं.

पहिलं नाव माझं, म्हणून सोसायटीच्या ॲपवर मुख्य रहिवासीही मीच झालो. हे ॲप म्हणजे असं: गेटवर कुणीही आलं की वॉचमन त्याचा फोटो काढतो, आणि त्या फ्लॅटच्या सगळ्या फोनवर एकदम घंटा वाजते. पडद्यावर 'गेटवर पाहुणा' असं येतं, खाली फोटो, त्याखाली दोन बटणं. हिरवं दाबलं की आत, लाल दाबलं की परत. जो आधी दाबेल त्याचं खरं. आयुष्यभर कारखान्याच्या गेटवर दुसऱ्यांनी माझी झडती घेतली होती. आता मी घरात चड्डीवर बसून विश्रांतवाडीचं गेट उघडत होतो. मला काय वाटलं असेल, विचार करा.

पहिल्या महिन्यात मी तिच्या प्लंबरला लाल दाबून घालवलं, कारण फोटोत तो मला दारुडा वाटला. बिचाऱ्याच्या डोळ्यांत सिमेंट गेलं होतं. तिच्या दोन मैत्रिणी आल्या तेव्हा मी संडासात होतो, बटण दाबायला दोन मिनिटं उशीर झाला, आणि बाहेर येऊन घाईत लाल दाबलं. एकदा मात्र तत्परतेने हिरवं दाबलं. तो सोफा निघाला, शेजारच्या इमारतीतल्या कुणाचातरी. चार हमालांनी तो तिच्या दारापर्यंत चढवून आणला.

"दादा, ते ॲप काढून टाक," ती फोनवर म्हणाली.

"अगं, तुझं मी बघतोय म्हणून तुला काळजी नाही."

"तू बघतोयस हीच काळजी आहे."

आमच्या दोघांत हा वाद जुना. माझं म्हणणं, माणसाने माणसाला एकटं सोडू नये, रुसलं-फुगलं तरी दार लावून घेऊ नये. तिचं म्हणणं, दार लावता येत असेल तरच ते घर. तिची आणि माझी आई एक असूनही हे कसं झालं, मला कळत नाही. मला वाटायचं, तिला प्रेम म्हणजे भाडेकरार वाटतो, कधीही नोटीस देऊन मोकळं होता आलं पाहिजे. हे मी तिला बोलूनही दाखवलं होतं, एका दिवाळीला, जेवताना, सगळ्यांसमोर. माझ्या विनोदाला मी एकटाच हसलो होतो.

आता तिच्या नवऱ्याबद्दल. माणूस दिसायला-बोलायला इतका सभ्य, की त्याच्यासमोर मीच गावंढळ वाटायचो. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण मी त्याला नावाला राव लावून हाक मारायचो. आवाज कधी चढलेला नाही. दारू नाही, सिगारेट नाही. पाणी प्यायलं तर ग्लासाखालचा ओला गोल रुमालाने पुसून ठेवणार. "दादा, दादा" करणार.

त्यांच्या कोथरूडच्या घरी दाराशी एक वेताची खुर्ची असायची. दाराला इतकी खेटून, की आत येणाऱ्याला आधी ती सरकवावी लागायची. मी एकदा त्याच खुर्चीत ऐसपैस बसलो आणि म्हणालो, "वा, इथे वारा छान येतो." दार बंद होतं. वारा कुठून येणार होता देव जाणे. बहीण पाणी घेऊन आली, आणि ग्लास हातात देताना हळू आवाजात म्हणाली, "बस दादा. तू इथे बसलास तर बरंच आहे." मला तो आग्रह वाटला. मी तीन वाट्या श्रीखंड खाऊन घरी आलो.

वेगळं व्हायचं तिने ठरवलं तेव्हा मी कारण विचारलं.

"तो बसतो, दादा."

"बसतो म्हणजे? पितो?"

"नाही. बसतो. दाराशी."

मी म्हटलं, "बसून राहणाऱ्या नवऱ्यांना सोडायचं म्हटलं तर खडकीत एक संसार उरणार नाही." बायको आतून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली. बहीण पुढे काही बोलली नाही. मला वाटलं, तिला निरुत्तर केलं.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता ती मला घेऊन बुधवार पेठेत गेली. तिला दारावर लावायचा कॅमेरा घ्यायचा होता, बाहेर कोण उभं आहे ते आतून दिसणारा. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत मी जाणकाराचा आव आणून चार दुकानं पालथी घातली. शेवटच्या दुकानदाराने चष्म्यावरून बघत विचारलं, "घ्यायचाय, का नुसतं शिकायचंय?"

"काय गं," मी तिला म्हटलं, "बँक उघडलीस की काय घरात?"

"परवा रस्त्याच्या पलीकडे उभा होता," ती म्हणाली. "माझ्या क्लासच्या जुन्या ऑफिससमोर. नुसता उभा."

"अगं, रस्ता सगळ्यांचा आहे."

"म्हणूनच दार फक्त माझं हवंय."

कॅमेरा घेतला. बसवायला माणूस बोलवूया म्हणाली. मी म्हटलं, माणूस कशाला, मी कारखान्यात जन्म काढला, रविवारी येऊन बसवतो. खोकं मी घरी आणलं, टीव्हीच्या कपाटावर ठेवलं. तीन रविवार गेले. खोक्यावर बायकोने एकदा फडकं फिरवलं, एवढीच प्रगती.

त्याच दिवसांत तो मला भेटायला लागला. खडकी स्टेशनजवळ मी सकाळी फिरायला जातो, तिथे एका टपरीवर चहा घेतो. एके दिवशी मागून आवाज आला, "दादा." बघतो तर तो. वाळला होता, दाढी मात्र घोटून केलेली. पहिल्या दिवशी त्याने फक्त तब्येतीची चौकशी केली. दुसऱ्या वेळी म्हणाला, "माझं चुकलं, दादा. मला काही परत नको. फक्त एकदा समोर बसून माफी मागायची आहे." डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं की नाही मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांत आलेलं मात्र खरं होतं. साठी उलटल्यावर मी फार लवकर रडतो. जाहिराती बघूनसुद्धा रडतो.

पण मी काही अगदीच खुळा नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. तो पत्ता विचारेल आणि मी सांगणार नाही, हे माझं पक्कं होतं. त्याने पत्ता विचारलाच नाही. तो एवढंच म्हणाला, "सुरक्षित जागी आहे ना ती? आजकाल एकट्या बाईचं..."

"सुरक्षित? अहो, किल्ला आहे किल्ला!" आणि त्याची काळजी मिटावी म्हणून मी फोन काढला, ॲप उघडलं आणि त्याच्या हातात दिला. "हे बघा. माझ्या परवानगीशिवाय चिमणी आत जात नाही."

पडद्याच्या वरच्या बाजूला ठळक अक्षरांत सोसायटीचं नाव होतं, इमारत होती, फ्लॅटचा नंबर होता. त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि सगळं सावकाश वाचलं. मग माझ्या फोनची काच रुमालाने पुसून दिली.

"छान सोय आहे," तो म्हणाला. "आणि परवानगी तुमच्याकडे."

"माझ्याकडे!" मी म्हटलं. चहाचे पैसेही हट्टाने मीच दिले.

त्यानंतरच्या मंगळवारी, दुपारी पावणेचारला, घंटा वाजली. गेटवर पाहुणा. फोटोत तो होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. कॅमेऱ्याकडे सरळ बघत होता, म्हणजे माझ्याकडेच. नात्यापुढे वॉचमनने लिहिलं होतं, 'घरचे'.

मला माहीत होतं की त्या वेळी तिचा क्लास असतो आणि फोन उपडा ठेवलेला असतो. बटण दाबायला मी एकटाच होतो. बटणांखाली उरलेल्या सेकंदांचे आकडे उलटे पळत होते.

"कोण आहे?" बायकोने आतून विचारलं.

"कोणी नाही. कुरिअर."

इतक्या सहज खोटं बोललो, म्हणजे मला आतून सगळं कळत असणार. तरीही मी हिरवं दाबलं. डोळ्यांपुढे चित्र होतं: दोघं समोरासमोर, चहा, पेढे, तिचा राग विरघळतोय, आणि संध्याकाळी तिचा फोन येतोय, "दादा, तुझ्यामुळे." मग मी पेपर उघडून कोडं सोडवायला बसलो.

अर्ध्या तासाने फोन केला. उचलला नाही. पुन्हा केला. मग त्याला केला. त्याचा फोन बंद. मी कोड्यातला एकच शब्द तीनदा खोडला. बायकोने ते पाहिलं.

"काय झालंय?"

मी सांगितलं. अगदी चांगल्या शब्दांत, माफी वगैरे घालून सांगितलं. ती खुर्चीवर बसली, मग लगेच उठली.

"तुम्हाला ठाऊक आहे का तो काय करायचा? ती बाहेर जाते म्हटली की तो दाराला खुर्ची लावून बसायचा. बोलायचा नाही, ओरडायचा नाही. किल्ली खिशात. एकदा शनिवारी दुपारी बसला तो रविवारी उठला. तिने मधे दोनदा जेवायला वाढलं त्याला, तिथेच. जेवला. ताट खाली ठेवलं आणि बसून राहिला."

"तुला कोणी सांगितलं?"

"तिने."

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही त्याला समजवायला गेला असतात." ती चपला घालत होती. "चला. स्कूटर काढा."

खडकीपासून विश्रांतवाडी काही लांब नाही. होळकर पुलावर एक टेम्पो आडवा पडला होता, आणि माणसं नेहमीप्रमाणे उतरून एकमेकांना सल्ले देत होती. एरवी मीही दिले असते. मागे बायको फोन लावत होती, आणि प्रत्येक वेळी फोनमधली रेकॉर्ड केलेली बाई इंग्रजीतून सांगत होती की उत्तर मिळत नाही. दुसऱ्या हाताने तिने माझा खांद्यावरचा शर्ट घट्ट धरून ठेवला होता.

गेटवर वॉचमनने हात आडवा केला. माझ्याच वयाचा, मिशा पांढऱ्या. "कुठं?"

फ्लॅटचा नंबर सांगितला. विचारलं, "मघाशी एक जण आले ते गेले का?"

"न्हाई. आतच हाय की. तुमच्या फ्लॅटवरनंच हिरवं आलं न्हवं का?"

"मला वर जायचंय, लवकर."

"जा की. पन परवानगी येऊ द्या. हिकडं बघा." त्याने माझा फोटो काढला. माझ्याच खिशात घंटा वाजली. गेटवर पाहुणा. पडद्यावर घामाने थबथबलेला, तोंड उघडं राहिलेला एक म्हातारा. कुणीही शहाण्या माणसाने लाल दाबलं असतं. मी स्वतःला हिरवं दाबलं आणि लिफ्टकडे धावलो.

बेल वाजवली. आत काहीतरी सरकल्याचा आवाज आला. दार त्याने उघडलं.

"या दादा. या वहिनी. वाटच बघत होतो."

दाराशी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची होती. आम्ही आत गेलो, त्याने दार लावलं, खुर्ची परत जागेवर, म्हणजे त्याच्या जागेवर, ओढली आणि बसला. बहीण टेबलापाशी होती. लॅपटॉप उघडा, पडदा काळा. हात मांडीवर. टेबलावर पेढ्यांचा पुडा, दोरी न सोडलेला.

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं रागाने बघेल. तसं काही नव्हतं. फक्त हिशेब जुळल्यासारखी तिने मान हलवली.

"चला," मी त्याला म्हटलं, शक्य तितक्या खेळकरपणे. "झाली ना माफी मागून? आता आपण तिघं खाली जाऊन मस्त चहा..."

"अजून बोलणं झालं नाही, दादा. तुम्हीच तर आत घेतलंत. बसा ना."

आणि मी बसलो.

हे मला लिहायचं नव्हतं, पण खरं ते हेच. सोफा रिकामा दिसला, त्याने बसा म्हटलं, मी बसलो. साठ वर्षांची सवय. पाहुण्यासारखा गुडघ्यांवर हात ठेवून बसलो. खोलीत पंख्याचा आवाज होता. तो काही बोलत नव्हता. मी दोनदा घसा खाकरला. भिंतीवरचं घड्याळ चांगलं आहे, असं काहीतरी म्हणालो. त्याने त्याकडे बघून, "पाच मिनिटं पुढे आहे," असं सांगितलं. मला बाहेर जायचं असेल तर त्याच्या गुडघ्यांवरून जावं लागणार होतं. हे कळल्यावर मला एकदम लघवीला लागल्यासारखं झालं. बहिणीने अशी एकोणीस वर्षं काढली होती.

बायको बसली नव्हती. ती दारापाशीच उभी होती, त्याच्या खुर्चीच्या शेजारी.

"जरा सरका," ती म्हणाली.

"कुठे निघालात वहिनी?"

"सरका म्हटलं ना." तिने त्याच्या डोक्यावरून हात नेऊन कडी काढली आणि दार ओढलं. खुर्चीला आपटून ते वीतभर उघडलं. त्या फटीतून ती तारस्वरात ओरडली, "अहो समोरच्या ताई! जरा पाणी देता का? आमच्याकडे एक पाहुणे उठतच नाहीयेत!"

समोरचं दार उघडलं. मग वरच्या जिन्यावर कुणीतरी आलं. कुणाचा कुत्राही आला. पुणेरी माणूस दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही, फक्त जवळून बघतो, पण त्या दिवशी तेवढं पुरलं. लोक बघतायत म्हटल्यावर तो उठला. खुर्ची उचलून टेबलाशी, बाकीच्या खुर्च्यांच्या रांगेत, नीट लावली. पुडा तिथेच ठेवला.

"येतो, दादा," तो म्हणाला. बहिणीकडे बघितलंही नाही.

तो गेल्यावर बहिणीने पुडा उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि सिंकपाशी हात धुतले. कितीतरी वेळ धुतले.

"बेल वाजली तेव्हा मी ॲप बघितलं," ती पाठमोरीच म्हणाली. "'दादाने परवानगी दिली' एवढंच वाचलं, फोटो उघडला नाही. मला वाटलं वहिनीने डबा पाठवला. म्हणून उघडलं."

"त्याला माफी मागायची होती गं."

"मग तुझ्या घरी मागायला सांगायची. मी ऐकलं असतं नंतर तुझ्याकडून."

"अगं, पण प्रेमापोटी..."

ती वळली. "दादा, जा म्हटल्यावर जो जातो, त्याच्या प्रेमाबद्दल मी विचार करीन. तुझ्यासकट." तिने हात पुढे केला. मी फोन दिला. तिने ॲप काढून टाकलं आणि फोन परत दिला. काच पुसली नाही, हे मला विनाकारण बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती चौकीत गेली. तिथल्या साहेबांनी विचारलं, त्याने केलं काय? ती म्हणाली, बसला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मारलं? धमकी दिली? मग? आत कोणी घेतलं?" भावाने, म्हटल्यावर त्यांनी पेन खिशात घातलं. तिच्या वकीलबाई म्हणाल्या, ज्याने खुर्ची डोळ्यांनी बघितली आणि ज्याने आत घेतलं, त्याने सगळं लिहून दिलं तर त्याला तिच्यापासून लांब ठेवायच्या कोर्टातल्या अर्जात काही दम येईल.

म्हणजे मी. बहिणीने निरोप पाठवला, "लिहून देशील का?" मी म्हटलं, देतो. आणि नाही दिलं. रोज ठरवायचो. कागद घ्यायचो, 'मी स्वतः हिरवे बटण दाबले' इथपर्यंत यायचो आणि पुढे, का दाबले, इथे अडायचो. कोर्टात माझी अक्कल वाचली जाणार, हे डोळ्यांपुढे यायचं. शिवाय मनात कुठेतरी होतं की तो आता नाही येणार. लाज वाटली असेल त्याला. मला वाटली असती.

महिन्याभरात बहिणीने घर बदललं. कुठे, ते मला सांगितलं नाही. बायकोला सांगितलं. दर गुरुवारी बायको डबा घेऊन दोन बस बदलून जाते. कुठली बस, मी विचारत नाही. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नसलेलंच बरं. तुम्ही कुणालाही दाखवाल." मी चिडलो नाही. चिडायला लागणारं भांडवल संपलं होतं.

आणि मग तो आमच्याकडे यायला लागला.

आमच्या इमारतीला ना वॉचमन ना ॲप. पहिल्या वेळी बेल वाजली, मी दार उघडलं, तो "दादा" म्हणून आत आला आणि दाराजवळच्या खुर्चीत बसला. "ती कुठे आहे?" मी म्हटलं, मला माहीत नाही. तो हसला. मी शपथेवर सांगतो, उभ्या जन्मात इतकं खरं मी दुसरं काही बोललो नव्हतो, आणि ते कुणालाच खरं वाटलं नसतं. तो पाऊण तास बसला. पुढच्या आठवड्यात दीड तास. मी त्याला जा म्हणून बघितलं, तेव्हा तो म्हणाला, "चहा संपवून निघतो," आणि कप हातात धरून बसून राहिला. मी दार उघडलं नाही तेव्हा तो जिन्यात बसला, आणि खालच्या मजल्यावरच्या आजींनी त्याला बिचारा म्हणून पोहे दिले.

परवाच्या सोमवारी तो पुन्हा आला. मी त्याला आत घेतलं, कारण जिन्यातल्यापेक्षा डोळ्यांसमोर बरा. बायको आत होती. तो नेहमीसारखा बसला, ग्लासाखालचा गोल पुसला आणि सहज म्हणाला, "वहिनी गुरुवारी घरी नसतात वाटतं."

आत भांड्यांचा आवाज थांबला.

"अकराच्या सुमारास निघतात. डबा असतो हातात."

एवढंच कळलं की आता तिसऱ्यांदा काही बसून चालणार नाही. मी उठलो, त्याला दोनदा जा म्हटलं, तो हलला नाही. मग कपाटातून कोऱ्या कागदांचं पॅड आणि पेन काढलं, आणि त्याच्यासमोर टेबलावर लिहायला घेतलं. पहिल्यापासून. टपरी, फोन, कुरिअर म्हणून बोललेलं खोटं, हिरवं बटण, सोफ्यावर मी बसलो ते, सगळं. का दाबलं, तेही लिहिलं: मला वाटलं मला जास्त कळतं. बायको दारात येऊन उभी राहिली. तिने बहिणीला फोन लावून, येत्या गुरुवारी येत नाही, वकीलबाईंना आजच गाठ, एवढं सांगितलं, त्याला ऐकू जाईल अशा आवाजात.

"काय लिहिताय दादा?" त्याने विचारलं.

"तुमच्याबद्दल."

"वाचून दाखवा ना."

दाखवलं. शेवटपर्यंत. आज दुपारी चार वाजता सदर इसम माझ्या घरी आले, माझ्या पत्नीच्या जाण्या-येण्याच्या वेळा त्यांनी बोलून दाखवल्या, जा असे दोनदा सांगूनही उठत नाहीत. तो मन लावून ऐकत होता. मधे एकदा मानही डोलावली.

"चार नाही," तो म्हणाला. "चार वाजून दहा मिनिटांनी आलो मी. वेळ बरोबर लिहा. कागद पक्का असावा."

मी चार खोडून चार दहा केलं, शेजारी सही केली, आणि घड्याळाकडे बघून खाली पुढची ओळ लिहिली: पाच वाजून वीस मिनिटे, अजून बसलेले आहेत.